‘त्याचा एक पैसा नको’ म्हणणाऱ्यांना हे कोण सांगणार? : महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणी सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांत संक्रांत, पाडवा, गणपती आणि दिवाळी यांच्या अधेमधे कुठेतरी एक ‘निवृत्ती नियोजन’ बसवलेलं असतं. शाळेचा नाहीतर लायब्ररीचा हॉल, वक्ता आपल्यातलाच कोणी फायनान्शियल प्लॅनर, मागच्या टेबलावर चहा आणि बटाटेवडे. सोशल सिक्युरिटी, म्हणजे अमेरिकन सरकारचं निवृत्तिवेतन, ६२ व्या वर्षी घ्यावी की ६७ व्या की ७० पर्यंत दम धरावा, बायकोने कधी घ्यावी, नवरा आधी गेला तर तिला किती मिळतं, ही सगळी गणितं जोडपी शेजारी शेजारी बसून लिहून घेतात. मी या सभांना बरीच वर्षं येते आहे. घटस्फोट झालेल्यांना काय मिळतं, हा विषय एका वाक्याच्या पुढे गेलेला मी ऐकलेला नाही. ते वाक्यही बहुतेक वेळा ‘त्यांनी आपापल्या वकिलाला विचारावं’ एवढंच असतं.

वकिलाला विचारून फारसं हाती लागत नाही, हीच तर अडचण आहे. घटस्फोटाचा वकील घर, मुलं, पोटगी आणि फोर-ओ-वन-के, म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं खातं, बघतो. फोर-ओ-वन-केमधला वाटा हवा असेल तर कोर्टाकडून वेगळा आदेश करून घ्यावा लागतो, म्हणून त्याची आठवण सगळ्यांना राहते. सोशल सिक्युरिटी कोर्टात वाटलीच जात नाही. तिचा हक्क थेट संघराज्याच्या कायद्यातून येतो. वाटायचं नाही म्हणून कोणी बोलत नाही, आणि कोणी बोललं नाही म्हणून बाईला वाटतं की आपलं काहीच नाही.

त्यात आपण भारतातून येताना एक समज बरोबर आणलेला असतो. तिकडे सरकारी नोकराच्या बायकोचा घटस्फोट झाला की कौटुंबिक निवृत्तिवेतनावरचा तिचा हक्क संपतो. गंमत म्हणजे घटस्फोटित मुलीला वडिलांचं निवृत्तिवेतन काही अटींवर मिळू शकतं, घटस्फोटित बायकोला नवऱ्याचं नाही. हे लहानपणापासून आजूबाजूला पाहिलेलं असल्यामुळे अमेरिकेतही तसंच असणार, असं आपल्या बायका गृहीत धरतात. इथे तसं नाही. १९६५ सालापासून नाही.

त्या वर्षीच्या दुरुस्तीने घटस्फोटित पत्नीला माजी नवऱ्याच्या कमाईच्या नोंदीवर सोशल सिक्युरिटी मिळू लागली. अट होती वीस वर्षांच्या संसाराची. १९७७ च्या कायद्याने ती दहा वर्षांवर आणली आणि १९७९ च्या जानेवारीपासून तीच चालू आहे. नियम आज पुरुषांनाही तसाच लागू आहे. बायको डॉक्टर आणि नवरा घरी मुलं सांभाळणारा, अशी घरं आता आपल्यातही आहेत. तरी मी या पत्रात ‘ती’ असंच लिहिते आहे, कारण माझ्या ओळखीतल्या बहुतेक ‘ती’च आहेत.

लग्न दहा वर्षं टिकलेलं हवं. तिचं वय ६२ पूर्ण हवं आणि अर्जाच्या वेळी ती दुसऱ्या लग्नात नसावी. तिच्या स्वतःच्या कामावर मिळणारी रक्कम त्याच्या रकमेच्या निम्म्याहून कमी हवी. त्याने स्वतः सोशल सिक्युरिटी घ्यायला सुरुवात केलेली नसली तरी चालतं, फक्त तो ६२ चा झालेला, पात्र असलेला आणि घटस्फोटाला दोन वर्षं झालेली हवीत. म्हणजे ‘मी ७० पर्यंत घेणारच नाही, बघू काय करतेस’ असं म्हणून त्याला तिची वाट अडवता येत नाही. त्याने दुसरं लग्न केलं असेल तर तेही आड येत नाही.

किती मिळतं? समजा त्याची पूर्ण वयाची, म्हणजे कपातीशिवाय मिळणारी, रक्कम महिना ३,००० डॉलर आहे. तिने मधल्या काळात डे केअरमध्ये, दुकानात, नंतर एखाद्या ऑफिसात काम करून स्वतःची ९०० डॉलरची रक्कम कमावली आहे. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं पूर्ण वय ६७. त्या वयाला तिने अर्ज केला तर तिचे ९०० आणि वर ६०० मिळून १,५००, म्हणजे त्याच्या रकमेच्या निम्मे होतात. तीच ६२ ला गेली तर तिचे ९०० चे ६३० होतात, वरचे ६०० चे ३९० होतात, आणि हातात १,०२० पडतात, तेही कायमचे. पण एक गोष्ट फायनान्शियल प्लॅनरसुद्धा घाईत चुकीची सांगतात. ६७ नंतर थांबून हा वरचा भाग एका डॉलरनेही वाढत नाही. ७० पर्यंत थांबण्याचा फायदा स्वतःच्या रकमेला आहे, माजी नवऱ्याच्या नोंदीवरून येणाऱ्या रकमेला नाही. पूर्ण वय उलटल्यावर अर्ज केला तर मागची थकबाकी फार तर सहा महिन्यांची मिळते. सत्तरीला आलेल्या आणि अजून अर्ज न केलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांचे गेलेले पैसे आता कोणी परत देणार नाही.

आता मुद्द्याचं. हे सगळं समजावून सांगितलं की निम्म्या बायका एकच उत्तर देतात, ‘मला त्याचा एक पैसा नको.’

या वाक्यामागचा स्वाभिमान मला पूर्ण कळतो. पंधरा-वीस वर्षं खर्चाचा हिशोब देऊन थकलेल्या बाईला पुन्हा त्याच माणसापुढे हात पसरायचा नसतो. पण हा पैसा त्याचा नाहीच. त्याच्या रकमेतून एक सेंटही कापला जात नाही. त्याच्या आताच्या बायकोचं कमी होत नाही. एका कुटुंबाला मिळणाऱ्या रकमेला जी कमाल मर्यादा असते, तिच्यातही घटस्फोटितेची रक्कम धरत नाहीत. त्याची सही लागत नाही, संमती लागत नाही, आणि तुम्ही अर्ज केलात हे सोशल सिक्युरिटीचं ऑफिस त्याला कळवतही नाही. रक्कम येते ती ट्रस्ट फंडातून, ज्यात प्रत्येक पगारातून ६.२ टक्के जातात आणि तेवढेच मालक भरतो. तो रात्री नऊला ऑफिसातून येत होता तेव्हा घर, मुलं, त्याचे आईवडील आणि शनिवार-रविवारचे पाहुणे कोण बघत होतं, हे कायद्याने मोजलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे हे कोणी मोजत नाही, म्हणून मोजलेलं दिसलं की आपल्याला ती भीक वाटते.

उलट बाजूची भीतीही आहे. ‘तू अर्ज केलास तर माझं कमी होईल, मग मुलांच्या शिक्षणाचं बघ’ अशी धमकी दिलेल्या नवऱ्यांचे किस्से मी ऐकले आहेत. काहींच्या घटस्फोटाच्या करारात चक्क कलम असतं, की पत्नी सोशल सिक्युरिटीवर हक्क सांगणार नाही. त्या कलमाला काहीही किंमत नाही. सोशल सिक्युरिटीचं ऑफिस ते बघत नाही. सही केली असली तरी खुशाल अर्ज करावा.

दहा वर्षांची अट मात्र निर्दय आहे. नऊ वर्षं अकरा महिने म्हणजे शून्य. प्रमाणात कमी वगैरे भानगड नाही. आणि इथेच मंडळांनी वेळेवर तोंड उघडलं तर सगळ्यात जास्त फरक पडेल, कारण ६२ ला कळून उपयोग नसतो, पस्तिशी-चाळिशीत कळावं लागतं. मोजणी लग्नाच्या तारखेपासून घटस्फोटाचा अंतिम हुकूम निघेपर्यंत होते. एका छताखाली किती वर्षं राहिलात याच्याशी तिचा संबंध नाही. सातव्या वर्षी वेगळं राहायला गेलेल्या बाईचा हुकूम दहाव्या वर्षी निघाला, तर तोवर ती कायद्याने विवाहितच असते.

कृपा करून याचा अर्थ ‘दहा वर्षं सोस’ असा कोणी काढू नये. आपल्यातल्या काही ज्येष्ठ मंडळींना सल्ला द्यायची हौस असते आणि त्यांच्या हाती हे नवं हत्यार लागेल, अशी मला धास्ती आहे. घरात मारहाण होत असेल तर बाईने आज बाहेर पडावं. बाहेर पडणं आणि हुकूम निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांचं प्रकरण नवव्या वर्षाच्या पुढे गेलं आहे आणि दोन्ही बाजू निदान फोनवर बोलतात, त्यांनी वकिलाला एवढंच सांगायचं की अंतिम हुकमाची तारीख दहा वर्षं ओलांडून घ्या. नवऱ्याचं यात काहीच जात नाही, त्यामुळे हट्टी माणसंही बऱ्याचदा तयार होतात. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आलेल्या मुलींना तर ही तारीख दुहेरी महत्त्वाची, कारण हुकूम निघाला की तो व्हिसाही संपतो.

एच-४ चं निघालंच आहे तर लिहिते. आपल्या कित्येक मुली बी.ई., एम.एस्सी. करून आल्या आणि वर्षानुवर्षं कामाची परवानगी नाही म्हणून घरी बसल्या. २०१५ च्या मे महिन्यापासून त्यांच्यातल्या काहींना, म्हणजे नवऱ्याचं ग्रीन कार्ड एका ठरावीक टप्प्यावर पोचलेल्यांना, काम करता येऊ लागलं. त्याआधीची वर्षं सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत कोरी आहेत. स्वतःच्या हक्काला चाळीस क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम. २०२५ मध्ये एका क्रेडिटला १,८१० डॉलरची कमाई लागायची; वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. चाळीस पूर्ण नसतील तर स्वतःचं निवृत्तिवेतन काहीच नाही. अशा बाईला माजी नवऱ्याच्या नोंदीवरची रक्कम हाच एक आधार उरतो. शिवाय तिला ६५ व्या वर्षी मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, हॉस्पिटलचा भाग हप्ता न भरता त्याच नोंदीवर मिळू शकतो. हॉस्पिटलच्या एका बिलात इथे आयुष्यभराची बचत जाते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

प्रत्यक्ष अर्जाच्या वेळी काय होतं ते एकदा जवळून पाहा. मी एका मैत्रिणीबरोबर गेले होते. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात जन्मदाखला, लग्नाचा दाखला, घटस्फोटाचा हुकूम, पासपोर्ट. खिडकीपलीकडच्या बाईंनी माजी नवऱ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर विचारला. मैत्रिणीकडे नव्हता. जुने टॅक्स रिटर्न त्याच्याकडेच राहिले होते. तिचा चेहरा उतरला, पिशवी आवरायला लागली. पलीकडून प्रश्न आला, की जन्मतारीख, जन्मगाव, आईचं लग्नाआधीचं नाव, यातलं काही सांगता येईल का? सासूबाईंचं माहेरचं नाव! ते काय विसरणार? मैत्रिणीने नाव, आडनाव, गाव, तालुका एका दमात सांगितलं, वर सासूबाई किती भावंडांतल्या तेही सांगायच्या बेतात होती. नंबरासाठी कोणीही अर्ज करताना आईचं माहेरचं नाव त्या फॉर्मवर भरतो, म्हणून त्यावरून नोंद सापडते. तिची सापडली. नंबर नाही म्हणून घरी बसलेल्या बायकांनी हे लक्षात ठेवावं.

कागदांत अडचण येते ती लग्नाच्या दाखल्याची. आपल्यापैकी अनेकांचं लग्न कार्यालयात लागलं, नोंदणी पुढे व्हिसासाठी धावपळ करून झाली, आणि दोन तारखांमध्ये कधीकधी काही महिन्यांचं अंतर असतं. दहा वर्षांच्या काठावर असाल तर हे अंतर महत्त्वाचं. दोन्ही तारखांचे कागद न्या, पत्रिका आणि फोटोसुद्धा जपून ठेवा. घटस्फोट भारतात झाला असेल तर हुकमाची प्रमाणित प्रत तिथल्या कोर्टातून मागवायला वेळ लागतो, ती साठीतच मागवून ठेवावी. इंग्रजी अडत असेल तर दुभाष्या फुकट मिळतो. तो मागायचा हक्क आहे, लाजायचं कारण नाही. शेजारणीच्या मुलाला सुट्टी काढायला लावायचीही गरज नाही.

माजी नवरा वारला तर नियम आणखी उदार होतात, आणि हे तर जवळजवळ कोणालाच माहीत नसतं. दहा वर्षांची अट तीच, पण वय ६०, अपंगत्व असेल तर ५०. रक्कम निम्मी नाही, पूर्ण वयाला घेतली तर त्याच्या रकमेइतकी होऊ शकते. वरच्या उदाहरणातला माणूस ७० पर्यंत थांबला असेल तर ती ३,७२० डॉलरपर्यंत जाते. म्हणजे त्याच्या थांबण्याचा तिच्या निम्म्या रकमेला फायदा नसला तरी मागे राहिल्यावर आहे. त्याची विधवा दुसरी बायको असली तरी दोघींना आपापली रक्कम मिळते, एकीमुळे दुसरीची घटत नाही. साठीनंतर बाईने दुसरं लग्न केलं असेल तरी हा हक्क जात नाही. साठीच्या आत केलं असेल आणि ते टिकून असेल तर जातो. उतारवयात सोबत शोधणाऱ्या बायका आता आपल्यातही आहेत, आणि चांगलंच आहे. त्यांनी मुहूर्त काढताना भटजींच्या आधी कॅलेंडरवर स्वतःचा साठावा वाढदिवस बघावा.

माजी नवरा कुठे आहे, जिवंत आहे की नाही, हेच माहीत नसलेल्या बायकाही असतात. गावाकडच्या कोणाकडून दोन वर्षांनी बातमी कळते. घटस्फोटितेला कोणी कळवायला बांधील नाही, श्राद्धाला तर कोणी बोलावत नाहीच. म्हणून साठी झाल्यावर वर्षातून एकदा मुलांकरवी चौकशी करायला हरकत नसावी. कटू वाटेल, पण व्यवहार आहे.

शाळांमध्ये शिकवणाऱ्यांसाठी वेगळी ओळ. टेक्सास, इलिनॉय, ओहायो, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत अनेक सरकारी शाळांतले शिक्षक राज्याच्या पेन्शनमध्ये असतात आणि सोशल सिक्युरिटीत पैसे भरत नाहीत. जुन्या नियमाने त्यांच्या पेन्शनच्या दोन तृतीयांश इतकी रक्कम नवऱ्याच्या किंवा माजी नवऱ्याच्या नोंदीवरच्या रकमेतून वजा व्हायची, आणि पुष्कळदा हाती शून्य यायचं. ५ जानेवारी २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ती वजावट रद्द केली. ज्यांना पूर्वी खिडकीवर ‘तुम्हाला काही मिळणार नाही’ असं सांगितलं गेलं आणि ज्यांनी अर्जच भरला नाही, त्यांची रक्कम आपोआप सुरू होणार नाही. त्यांना आता अर्ज करावा लागेल. मंडळाच्या मराठी शाळेत रविवारी शिकवणाऱ्यांत अशा दोन-तीन तरी जणी सापडतील.

भारतात परतलेल्यांचं थोडं गुंतागुंतीचं आहे. अमेरिकन नागरिक असेल तर पुण्यात, नाशकात बसूनही रक्कम मिळते. नुसतं ग्रीन कार्ड होतं किंवा तेही सोडून दिलं असेल, तर देशाबाहेर सहा महिने झाल्यावर पैसे थांबू शकतात. अपवाद आहेत, पण त्यात त्या नात्यात असताना पाच वर्षं अमेरिकेत राहिल्याची अटही बघितली जाते. शिवाय ग्रीन कार्ड उरलेलं नसेल तर करापोटी साडेपंचवीस टक्के कापले जातात. विमानात बसायच्या आधी विचारून घ्यावं.

तर माझं मागणं फार मोठं नाही. पुढच्या निवृत्ती नियोजनाच्या कार्यक्रमात अर्धा तास या विषयाला द्या, आणि तो शेवटी, वडे आल्यावर नको. जाहिरातीत ‘दांपत्यांसाठी’ असं छापू नका, ते वाचूनच एकट्या बायका येत नाहीत. ‘सर्वांसाठी’ छापा. सभासदत्वाच्या फॉर्मवर ‘कौटुंबिक’ आणि ‘विद्यार्थी’ असे दोनच पर्याय काही ठिकाणी अजून आहेत. घटस्फोटानंतर सभासदत्व नवऱ्याच्या नावावर राहतं आणि बाईचा ईमेल यादीतून गळतो. मग कार्यक्रमाची बातमी जिला पोचायला हवी तिला पोचतच नाही. ही यादी आधी दुरुस्त करा. आणि तरुण जोडप्यांच्या भांडणात मध्यस्थी करायला जाणाऱ्या काका-काकूंना दहा वर्षांची ती तारीख पाठ करायला लावा, बाकी उपदेश त्यांनी नाही केला तरी चालेल.

वक्ता मिळत नसेल तर सोशल सिक्युरिटीच्या जवळच्या ऑफिसला पत्र टाका, माणूस पाठवता येतो का ते विचारा. तेही जमलं नाही तर मी येईन. माझ्याकडे प्रोजेक्टर नाही, उदाहरणं आहेत. फक्त तारीख दिवाळीच्या आधीची धरा, कारण आमच्या भागातल्या दोघी येत्या हिवाळ्यात ६२ च्या होताहेत आणि त्यांना अर्ज आता करायचा की थांबायचं, हे कागद समोर ठेवून ठरवायचं आहे.

आपली,
न्यू जर्सीतील एक जुनी सभासद
(सभासदत्व : अजूनही ‘कौटुंबिक’)